कंसातली आजी

दादाने काल व्हॉट्सअॅपवर जुन्या प्रॉपर्टी कार्डाचा फोटो टाकला, हक्कसोडपत्राच्या आधी बघून घे म्हणाला. आजोबांच्या नावाला कंस, म्हणजे ते नाव कमी झालेलं, खाली बाबांचं नाव आणि त्याच्याखाली 'अ.पा.क.' लिहून आजीचं. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे अल्पवयीन पोराची पालक. पुढच्या नोंदीत बाबा सज्ञान झाले, मग आजीच्या नावालाही कंस. झालं. घराच्या कागदात आजी एवढीच.

रात्रभर तो कंसच डोळ्यापुढे. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, गेले १९५८ ला. १९५६ चा वारसा कायदा आलेला होता की, त्यात विधवाही वारस, मग तिचं नाव तिच्या स्वतःच्या हक्काने का नाही लागलं? कुणी विचारलंच नसणार. तिनेही नसणार. आत्यांचं तर... जाऊ दे.

घर कुणाचं होतं ते मला माहितीय. सोलापूरच्या कसब्यातलं माळवदाचं घर ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, सागाच्या तुळया, वर लाकडाची भरती, पाला आणि मग मातीचा जाड थर, म्हणून तर मे महिन्यातही आत गार. पण ती माती दरवर्षी बघावी लागते. मिरगाच्या आधी आजी पांढऱ्या मातीची गाडी मागवायची, ती चिकट असते, पाणी मुरू देत नाही, आणि पदर खोचून स्वतः वर चढायची, तांब्याभर पाणी ओतून उतार पन्हळाकडे जातोय का बघायची. रात्री पाऊस आला की साण्यावर, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या झरोक्यावर, पत्रा ओढायला पहिली तीच उठायची. कुठली तुळई वाळवीने खाल्लीय ते बोटाने वाजवून सांगायची. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज बघायला अख्खी गल्ली आमच्या माळवदावर, आणि ही खालून ओरडतेय, "एका तुळईवर सगळी उभारू नका रे!"

आणि कागदावर पालन कर्ता. पोराची. घराची नाहीच.

आता माझी पाळी. कायद्याने मुलीलाही मुलाएवढाच हक्क आहे, म्हणूनच तर माझी सही लागते. मला हिस्सा नकोय, खरंच नकोय, दादाने घर सांभाळलंय, बिल्डरचं काय ते त्याने बघावं. पण माझं नाव लागायचं ते सोडून देण्यापुरतंच, हे काल पहिल्यांदा टोचलं. सकाळी चहा करताना मात्र वाटलं, आजी असती तर म्हणाली असती सही कर आणि जेवून जा. करणार आहे. शुक्रवारी.

वकिलांना एवढंच सांगितलं की वंशावळीत आजीचं नुसतं 'पत्नी' नको, नाव पूर्ण घाला. घालू की, त्यात काय एवढं, म्हणाले. दादाला नाव नीट टाइप करून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला, आणि पाच मिनिटांनी विचारलं, तिच्या वडिलांचं नाव काय होतं गं?

मलाही आठवेना. सकाळी आत्याला फोन लावते.