टेनिस एल्बो आणि ‘शेक गुणिले दहा’ची चिठ्ठी

टेनिस एल्बोचं, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचं, निदान व्हायला पाच मिनिटं पुरतात. हात सरळ, तळवा खाली, मूठ वळून मनगट वर उचलायचं आणि डॉक्टर ते खाली दाबतात. कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा आहे तिथं कळ आली की झालं. मधलं बोटही असंच दाबून पाहतात. पडून मार लागला असेल, सूज असेल किंवा कोपर मध्येच अडकत असेल तर एक्स-रे काढावाच, एरवी तो बहुतेक वेळा साफच येतो. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. अडलं ते पुढं, फिजिओथेरपीच्या चिठ्ठीपाशी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

हाडांच्या डॉक्टरांची ओपीडी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरावीक वारीच असते. ते केसपेपरवर लिहितात, ‘यूएस + आयएफटी × १०’. यूएस म्हणजे अल्ट्रासाऊंड, जेल लावून दुखऱ्या जागी गोल गोल फिरवायचं यंत्र. आयएफटी म्हणजे पॅड चिकटवून मुंग्या आणणारा करंट. आपल्याकडे दोघांनाही लोक ‘शेक’च म्हणतात. फिजिओथेरपी विभागात चिठ्ठीवर जेवढं असेल तेवढंच होतं. रजिस्टरवर सही, पंधरा मिनिटं पॅड, पाच-सात मिनिटं जेल, चला पुढचा पेशंट. व्यायाम कधी शिकवाल म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘चिठ्ठीवर नाही लिहिला.’

दहा शेक संपतात, दुखणं जागच्या जागी. मग नवी चिठ्ठी लागते. त्यासाठी पुन्हा केसपेपर, पुन्हा हाडांच्या डॉक्टरांचा वार, आणि नव्या चिठ्ठीवर काय, तर पुन्हा ‘यूएस + आयएफटी × १०’. डॉक्टर त्या दिवशी शिबिराला गेलेले असले की आठवडा गेला. लाइन गेली की शेक बुडाला. मध्ये दोन दिवस खाडा झाला की मोजणी पहिल्यापासून! पैशाचा प्रश्न म्हणाल तर तो नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत (मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत). जातो तो दिवस, येष्टीचं भाडं आणि मजुरी.

फिजिओथेरपिस्टवर माझा राग नाही. एका बाजूला लकव्याचा पेशंट, दुसऱ्या बाजूला गुडघ्याचा, दारात अजून चार. पण रजिस्टरला शेक चढतात, शिकवलेला व्यायाम चढत नाही, हे खरं दुखणं आहे. कारण या आजारात बरं व्हायला मदत करतो तो व्यायामच. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा, म्हणजे टेंडन, त्या उंचवट्याला जोडलेली असते. वर्षानुवर्षांच्या ताणानं तिचे धागे विस्कटतात आणि तिची सोसायची ताकद कमी होते. ती ताकद हळूहळू वाढवलेल्या भारानंच परत येते, आणि त्याला सहा ते बारा आठवडे लागतात. मशीननं दुखणं थोडा वेळ दबतं, संध्याकाळी बादली उचलली की पुन्हा हजर. अल्ट्रासाऊंडचा या दुखण्यात ठोस फायदा होतो, असा पुरावा तसाही कमजोरच आहे.

वर आणखी एक गंमत. शेक घ्यायला रोज वीस-तीस किलोमीटर गाडी चालवत जायचं, म्हणजे उजव्या हातानं अ‍ॅक्सिलरेटर पिळून धरायचा, मनगट वर वाकलेलं, आणि खड्ड्यांचे हादरे थेट त्याच कंडरेवर. जेवढा शेक घेतला तेवढा रस्त्यानं परत घेतला. जायचंच असेल तर येष्टीनं जावं, नाहीतर गाडीवर मागं बसावं.

रोज जाण्याची गरजही नसते. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातला १९८ रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यातली फिजिओथेरपी सहा आठवड्यांत फक्त आठ वेळा होती, दर वेळी अर्धा तास. त्यात हातानं कोपराची केलेली हालचाल आणि व्यायाम होता, शिवाय घरी करायचा व्यायाम. आठ बैठका! आपल्या चिठ्ठीत तेवढ्या दोन आठवडेही पुरत नाहीत.

चिठ्ठीची गाठ सुटते ती हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावरच, खाली विभागात नाही. ते लिहीत असतानाच म्हणायचं, ‘साहेब, एक्सरसाइज आणि होम प्रोग्राम पण लिहून द्या.’ हेच शब्द वापरावेत, ‘काही व्यायाम असेल तर’ असं गुळमुळीत बोललं की काहीच लिहिलं जात नाही. मग विभागात ओपीडी सुटायच्या थोडं आधी जावं, गर्दी ओसरलेली असते. व्यायाम त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवावा आणि आपल्याच हाताचा व्हिडिओ मोबाइलवर काढून घ्यावा. पुढची खेप दोन आठवड्यांनी, वजन वाढवायला. केसपेपरचा फोटो काढून ठेवा, तो हरवला तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

आता खुद्द व्यायाम. सुरुवातीला मनगट हलवायचं नाही, नुसता जोर लावायचा. हात टेबलावर, कोपर वाकलेलं, तळवा खाली. दुसऱ्या हातानं पंजा वरून दाबून धरायचा आणि खालच्या हातानं वर रेटायचं, मनगट जागचं हलू न देता. ३० ते ४५ सेकंद, असं चार-पाच वेळा, दिवसातून दोनदा. यानं दुखणंही थोडं उतरतं.

ते जमू लागलं की वजन. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे साधारण अर्धा किलो. पण बाटली आवळून धरल्यानंच कळ येते, म्हणून आधी ती कापडी पिशवीत टाकून पिशवीचा बंद पंज्याच्या पाठीवर, बोटांच्या मुळांशी अडकवायचा. हात टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हातानं पंजा वर उचलायचा आणि दुखऱ्या हातानं चार-पाच आकडे मोजत सावकाश खाली सोडायचा. पंधराचे तीन फेरे, मध्ये एक मिनिट थांबून. सगळे घाई करतात ती खाली सोडतानाच, आणि काम तर तिथंच होतं. तिन्ही फेरे सहज झाले की पाव लिटर वाढवा. किलोच्या आसपास पोचलात की कोपर सरळ ठेवून करा, ते अवघड जातं.

दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर एक पायरी मागं या, व्यायाम बंद करू नका. आपले लोक इथंच सोडतात, दुखलं म्हणजे बिघडलं असं समजून.

हातोडीचा व्यायामही घ्या. कोपर अंगाला टेकवून हातोडी उभी धरायची आणि हात सावकाश चित-पालथा करायचा. आधी लोखंडाजवळ पकडा, ताकद आली की पकड दांड्याच्या टोकाकडे सरकवा, तेवढ्यानं भार वाढतो.

बेल्टचं राहिलंच. मेडिकलवाला देतो तो पट्टा लोक थेट दुखऱ्या हाडावर बांधतात. तो दोन बोटं खाली, पंज्याच्या बाजूला, स्नायूच्या फुगवट्यावर हवा. आत एक बोट जाईल एवढा सैल. काम करताना बांधा, झोपताना काढा. बोटांना मुंग्या आल्या तर तो आवळला आहे.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं आमिष प्रत्येकाला दाखवतात, विशेषतः कापसाची वेचणी तोंडावर असली की. त्याच २००६ च्या अभ्यासात सहा आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांना सगळ्यांत जास्त आराम होता, पण बरे झालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं दुखणं नंतर उलटलं. वर्षअखेरीला फिजिओथेरपी आणि नुसतं थांबणं यांत मात्र फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे वर्षभर वाट पाहता येत असेल तर बहुतेकांचं आपोआपही बरं होतं. पण वावरात वर्षभर कोण थांबते बाप्पा?

कामातले बदल मात्र पहिल्या दिवसापासून करा. बादली, पोतं, कापसाचं गाठोडं उचलताना तळवा वर किंवा अंगठा वर, कोपर अंगाजवळ. पालथ्या हातानं लांबून उचललेली दोन किलोची वस्तूही या कंडरेला महागात पडते. विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा, आवळायला कमी जोर लागतो. दांड्याच्या फवारणी पंपाऐवजी बॅटरीचा. जाड चादर पिळू नका, तशीच निथळत टाका. सोंगणीत हात बदलता येत नाही, तिथं दर तासाला दोन मिनिटं थांबणं एवढंच हातात आहे.

बोटं बधिर होत असतील, मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल किंवा पंजाच वर उचलला जात नसेल, तर ही नसेची गोष्ट असू शकते. तेव्हा वरचा व्यायाम लावून बसू नका, मान तपासून घ्या.

आणि बारा आठवडे उलटे मोजा. ऑक्टोबरमध्ये पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटेल तेव्हा हात हवा असेल तर व्यायाम जुलैत सुरू व्हायला हवा, म्हणजे चिठ्ठी त्याआधी, पेरणीच्या धांदलीपूर्वीच लिहून घ्यावी लागते. वेचणीच्या दिवसांतही आठवड्यातून दोन-तीनदा बाटली चालू ठेवा.