सगळेच काळजीत

गुरुवार, रात्री उशिरा

“तुमची मंडळी जरा काळजीत दिसतात,” असं क्लबातले आजोबा म्हणाले. मंडळी म्हणजे टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी मी रंगवलेले प्राण्यांचे इवलेसे पुतळे, मिनिएचर, थोडक्यात मिनी. कुजकेपणा नव्हता त्यात. उंदराला पायाखालच्या बेसला धरून उचललं (रंगवलेल्या मिनीच्या अंगाला बोट लावायचं नाही, ही इथली रीत मला फार आवडते), चष्मा कपाळावर ढकलला, डोळ्याशी नेऊन पाहिलं आणि म्हणाले. नंतर कौतुकही पुष्कळ केलं. फर छान उतरलीय, डगल्याची किनार कशी काढलीत वगैरे. ते सगळं मी ट्रॅममध्ये बसेपर्यंत विसरले. राहिलं ते एकच वाक्य.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण या माणसाने तरुणपणी शिशाचे सैनिक ओतलेत. नॉटिंगहॅम आणि आसपासच्या पट्ट्याला इथले लोक ‘लेड बेल्ट’ (शिशाचा पट्टा) म्हणतात, ते काही उगीच नाही. मिनी बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय इथलंच, लेंटन भागातलं. या गावात मिनीकडे बघणारी नजर वेगळी असते. तिला दिसलं म्हणजे ते असणारच.

घरी आल्यावर कोटही न काढता सगळ्यांना ओट्यावर दिव्याखाली मांडलं. उंदीर, ससा, पाणमांजर, चिचुंद्री, वीझल (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी), दांडगा बॅजर (बिळात राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला). खरंच की. बॅजरच्या हातात त्याच्याच उंचीची कुऱ्हाड, अंगात चिलखत, आणि चेहरा असा की निघताना गॅस बंद केला होता की नाही.

ओंकारला दाखवलं. “मला वाटलं तू मुद्दामच तसे रंगवतेस,” म्हणाला आणि भांडी विसळायला लागला. म्हणजे त्यालाही आधीपासून दिसत होतं. फक्त मलाच नाही.

हे लागलं. दिवसभर जे वागवायचं ते वागवून झालं की रात्री मी ब्रश घेते, ते तेवढा वेळ तरी डोकं रिकामं राहावं म्हणून. कोपर टेबलावर टेकवायचं, श्वास धरायचा, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत टोकावरचा रंग सुकायच्या आत डोळा बसवायचा. त्या वेळात दुसरं काही सुचूच शकत नाही, अशी माझी समजूत होती. आणि बघावं तर सगळं हातातून खाली उतरून उंदराच्या तोंडावर जाऊन बसलेलं. दुपारच्या सांगलीच्या फोनबद्दल आज लिहिणार नाही. दादाने काय ते ठरवावं.

डोळ्यांचंच बघू. उंदराचा खरा डोळा म्हणजे काळा मणी, पांढरं दिसतच नाही. काळा ठिपका द्यायचा, वर चकाकीचा पांढरा कण, झालं काम. पण हा उंदीर दोन पायांवर उभा आहे, कमरेला पट्टा आहे, पट्ट्याला थैली आहे. त्याला नुसता मणी दिला की तो डगला घातलेला उंदीर दिसतो. बुबुळाच्या कडेला पांढरं दिलं की तो कोणीतरी होतो. मला कोणीतरी हवा असतो, म्हणून मी पांढरं देते. आता पांढरं जरा जास्त दिसलं की डोळा विस्फारतो, हेही खरंच. बॅजरला तर पर्याय नाही. त्याचा डोळा नेमका काळ्या पट्ट्यात येतो, पांढरं दिलं नाही तर हातभर अंतरावरून आंधळा.

आणि भुवई. फिकट रंगाची एक रेघ, नाकाकडचं टोक खाली गेलं की राग, वर गेलं की चिंता. फरक केसाएवढा. मघाशी पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रागीट भुवया काढून पाहिल्या. सुरुवात रागीट होते, शेवटी हात आपोआप वर जातो. आरशात जाऊन स्वतःच्या भुवया पाहिल्या. ते राहू दे.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांना कोणी विचारलं नाही, बाबा रे, तू काळजीत का? डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, खाली मिशी. दरवाजापेक्षा पहारेकरी उंच, शेजारी प्लास्टिकचा वाघ, पायाशी अळीव उगवलेले, तरी मावळा बिनघोर. रंगवणाऱ्याला त्या दिवशी असले शेकडो संपवायचे असणार. त्याची काळजी उतरायला मावळ्याच्या तोंडावर जागाच नव्हती.

वीझलची मात्र मला खरोखर कीव आली. माझा चांगला ब्रश कोलिन्स्कीचा आहे, म्हणजे सायबेरियातल्या वीझलच्या शेपटीचे केस. त्या ब्रशाने मी या वीझलच्या मिशा काढल्या. त्याने काळजी करू नये तर कोणी करावी?

इथे मला हसू आलं, एकटीलाच, आणि मग नियमांचं पुस्तक काढलं. ‘बरोज अँड बॅजर्स’, ऑस्प्रे प्रकाशनाने 2018 मध्ये काढलेलं. या खेळात कोणाच्या अंगात काय किती, ते आकड्यांत नसतं, फाशांत असतं. चार पैलूंच्या फाशापासून बारा पैलूंच्या फाशापर्यंत. माझ्या उंदराने मारामारीत लहानसा फासा टाकायचा आणि समोर उभ्या बॅजरने त्याचा भला मोठा. वर मोहीम खेळत असाल तर डावात पडलेल्याच्या नावाने नंतर पुन्हा फासा टाकायचा, आणि जी जखम निघेल ती पुढच्या डावात अंगावर घेऊन यायचं. एवढं सगळं माहीत असून जो उंदीर निर्धास्त उभा राहील त्याला माझ्या टोळीत मी घेणार नाही. क्लबात बाकीच्यांचे कोल्हे, मुंगसं सगळे दात विचकून, तोंड फाडून ओरडत उभे असतात. असतील शूर. माझ्या मंडळींना निदान समोर काय आलंय ते समजलेलं दिसतं, आणि तरी ती टेबलावर उभी आहेत.

आजोबांना पुढच्या वेळी हे सांगावं असं वाटतंय. इंग्रजीत सांगताना मात्र ते तक्रारीसारखं वाटेल आणि ते दहादा सॉरी म्हणतील. नकोच.

भुवया पुसणार नाही. वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) बसलाय, व्हार्निशही झालंय, आणि झोप आलीय. ससा मला तसाही आवडतो, त्याला आमच्या माईमावशीची झाक आहे.

उद्या पाऊस नसेल तर बेडकाला प्रायमर मारते. या हवेत स्प्रे मारायचा म्हणजे मुहूर्तच काढावा लागतो, जरा दमट असलं की अंगभर खरखर येते. बेडकाचं तोंड शिल्पकारानेच कानापर्यंत खाली ओढून ठेवलंय. ते काही माझ्याकडून आलेलं नाही, हे आजोबांना आधीच सांगून ठेवायचं.