आमची वाटचाल : हळदीचा सीझन, अ‍ॅक्सेस आणि एक वायर

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची फर्म १९९९ साली सुरू झाली. आवक, सौदा, वजन, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा मालाचा हिशोब), हमाली-तोलाई, खरेदीदाराचं बिल, खतावणी, सगळं मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये बांधलं. प्रोग्रॅम मी लिहायचो, मशीनं आणि वायरी माझा भागीदार बघायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली त्याची क्रिंपिंगची, म्हणजे नेटवर्कच्या वायरीला प्लग दाबायची, पक्कड आजही आमच्याकडं वापरात आहे. एका दाबात आठही पिना तांब्यात सारख्या रुततात. हलक्या पकडीत कडेच्या पिना वर राहतात आणि सहा महिन्यांनी त्रास सुरू होतो. नव्या पोरांना मी नेहमी सांगतो, पकडीत पैसे वाचवू नका.

पहिली वर्षं चांगली गेली. मग २००६ चा हळदीचा सीझन आला.

तोवर दुकानांत एकाच्या जागी तीन-चार मशीनं झाली होती. फाइल मुनीमजींच्या मशीनवर शेअर केलेली, बाकीची मशीनं तिथूनच वाचणार. सौदे आटोपले की सगळीकडं एकदम पट्ट्या सुरू. सेव्ह दाबलं की पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि हलायचं नाव घ्यायचं नाही. कर्नाटकातून राजापुरी हळद घेऊन आलेला शेतकरी पट्टीसाठी ओट्यावर बसून, बाहेर गाडीवाला हॉर्न देतोय, आणि अडत्याचा सगळा राग आमच्यावर.

नेमक्या त्याच वेळी यार्डात दुसरी एक फर्म शिरली. नाव लिहीत नाही, यार्डातल्या लोकांना माहीत आहे. मशीनं, वायरिंग, सॉफ्टवेअर, सगळं तेच देणार. त्यांचा माणूस दुकानोदुकानी सांगत फिरला, ‘अ‍ॅक्सेस म्हणजे खेळणं. चार मशीनवर चालत नाही. सर्व्हर घ्या, एसक्यूएल घ्या.’ एसक्यूएल म्हणजे सर्व्हरवर चालणारा मोठा डेटाबेस. आणि लायसन्ससकट भलंमोठं कोटेशन. मायक्रोसॉफ्टनं आदल्याच वर्षी एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट दिली होती, ४ जीबीपर्यंतच्या डेटासाठी. अडत दुकानाला ती सहज पुरली असती. हे त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. एकामागून एक दुकानं सुटली. वर्षाच्या देखभालीचे (एएमसीचे) चेक थांबले, ऑफिसचं भाडं थकलं, आणि भागीदाराच्या घरी नोकरी बघ म्हणून तगादा सुरू झाला.

थांबले ते आप्पा. यार्डातले जुने अडते, शब्दाला पक्के. त्यांनी मला गादीवर बसवून घेतलं आणि म्हणाले, “सीझन होईस्तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पण दुखणं कुठं आहे ते आधी शोध, औषधाचं नंतर बघू.” शटर ओढल्यावर दुकान आमच्या हवाली करायचे आणि जाताना पोराला चहा सांगून जायचे.

एकच मशीन सुरू असलं की पट्टी क्षणात सेव्ह व्हायची. दुसऱ्या मशीननं फाइल उघडली की दोन्ही रखडायची. याचं एक कारण विंडोजमध्ये आहे. फाइल एकटाच वापरत असेल तर विंडोज त्याला डेटा स्वतःजवळ धरून काम करू देतं. दुसरा आला की ती सवलत बंद, मग प्रत्येक वाचणं-लिहिणं वायरीवरून. दुसरं कारण शेअर फोल्डर उघडून बघत बसलो तेव्हा सापडलं. डेटा फाइलशेजारी त्याच नावाची छोटी .एलडीबी फाइल असते. कोण आत आहे त्याची नोंद तिच्यात होते. फॉर्म उघडला की अ‍ॅक्सेस ती उघडतं, बंद केला की पुसायला जातं. चार कारकून दिवसभर फॉर्म उघडझाप करणार म्हणजे त्या फाइलवर सतत ओढाताण, वर अँटिव्हायरस दर वेळी तपासायला हजर. उपाय सोपा निघाला. प्रोग्रॅम सुरू होतानाच डेटा फाइलमधलं एक लहान टेबल उघडायचं आणि संध्याकाळपर्यंत बंदच करायचं नाही, म्हणजे .एलडीबी उघडीच राहते. सोबत अ‍ॅक्सेसच्या आपोआप चालणाऱ्या दोन सोयी बंद केल्या, सबडेटाशीट ‘नन’ केलं, नेम ऑटोकरेक्ट काढलं, शेअरचा पत्ता आखूड केला, डेटा फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळला. शेतकऱ्याचा कोड आणि तारीख यांवर इंडेक्स आमचे आधीपासून होतेच.

तीन मशीनं पळायला लागली. गोडाऊनचं मात्र तसंच.

तिथं माझ्या भागीदाराचं डोकं चाललं. तो म्हणाला, सॉफ्टवेअर बाजूला ठेव, नुसती एक मोठी फाइल कॉपी करून बघ. कॉपीच रखडली! म्हणजे अ‍ॅक्सेसचा यात काही संबंधच नव्हता. साधा पिंग (दुसरं मशीन जबाब देतं का ते बघायची चाचणी) ठीक येत होता, कारण तो ३२ बाइटचा. १४०० बाइटचा दिला तर मधले मधले जबाब गायब. टेस्टर लावला, तर आठही दिवे ओळीनं लागले. इथंच बहुतेक जण वायर चांगली आहे म्हणून सोडून देतात. यानं प्लग उजेडात धरला आणि रंग वाचले. वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळून चार जोड्या. नारिंगी जोडी १-२ वर, हिरवी ३-४ वर, निळी ५-६ वर, असं ओळीनं दाबलेलं. नेटवर्कला १-२ आणि ३-६ या जोड्या लागतात. म्हणजे ३ ला हिरव्या जोडीतली तार आणि ६ ला निळ्या जोडीतली. टेस्टर नुसतं तार पोचली का ते बघतो, पीळ कुणाचा कुणाशी हे त्याला कळत नाही. जुन्या १० मेगाबिटच्या हबवर असली वायर चालून जाते. १०० चा स्विच (सगळ्या मशीनच्या वायरी जोडायचा डबा) लागला की एका तारेतला आवाज दुसरीत शिरतो आणि डेटाची पाकिटं फुकट जातात.

दोन्ही टोकं कापून नवी दाबली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गोडाऊनची पट्टी मुनीमजींच्या बरोबरीनं निघायला लागली.

ती वायर आणि तो स्विच कुणी बसवला होता? त्याच फर्मनं, आणि सुटलेल्या दुकानांतलं वायरिंगही बहुतेक त्यांचंच. दुखणं त्यांच्या प्लगात, आणि बोट आमच्या प्रोग्रॅमकडं. आप्पांनी कापलेलं टोक खिशात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सौद्यात चार जणांना दाखवलं. सुटलेली निम्मी दुकानं पुढच्या सीझनपर्यंत परत आली. बाकीच्यांनी सर्व्हर घेतला, वायर तीच ठेवली, आणि ‘अ‍ॅक्सेसवाले’ हा शब्द आम्हाला चिकटला तो चिकटलाच.

न विचारता एक सांगतो. लोड शेडिंगच्या काळात लोकांनी प्रत्येक मशीनला यूपीएस घेतला, स्विचला नाही. लाइट गेली की मशीनं चालू पण स्विच बंद, आणि अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते. आजही स्विच यूपीएसवर घ्या. वाय-फायवरून अ‍ॅक्सेसची फाइल चालवू नका. फाइल २ जीबीची मर्यादा गाठायच्या आत एक्सप्रेसवर न्या, दुकानातल्यांना आम्ही हेच करून देतो.

मधली वर्षं व्हॅट आणि जीएसटीच्या फॉर्मांत गेली. २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०३ अपडेट आलं आणि पुन्हा फोन वाजू लागले, ‘डेटाबेस इनकन्सिस्टंट स्टेटमध्ये आहे’. रोज रिपेअर केलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. फाइल एकट्यानं धरून ठेवायची सवलत आता ‘लीजिंग’ नावानं येते, हे ठाऊक असल्यामुळं कुठं बघायचं ते आम्हाला लगेच कळलं. ज्या मशीनवर फाइल शेअर आहे तिथल्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदींत) लीजिंग बंद केलं, सर्व्हर सर्व्हिस पुन्हा सुरू केली, की झालं. २००६ ला सोडून गेलेल्या एका दुकानाचाही फोन आला. त्यांनाही सांगितलं. आणि प्रत्येकाला बजावलं तेच इथं लिहितो : रिपेअरचं बटण दाबायच्या आधी सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर काढा, .एलडीबी गेली का बघा, डेटा फाइलची कॉपी दुसऱ्या मशीनवर घ्या. रिपेअर बिघडलेल्या नोंदी टाकून देऊ शकतं, आणि कॉपी नसेल तर ती पट्टी पुन्हा मिळत नाही.