सियागंजचे जाकीट

गेल्या डिसेंबरात लोकमान्य नगरातून राऊपर्यंत पहाटे सायकलने जाण्याचा नेम सुरू केला, तेव्हा थंडीपेक्षा अंधाराचीच पंचाईत अधिक होती. त्या दिवसांत इंदुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि मी साडेपाचला घर सोडतो. त्यामुळे जाताना पूर्ण काळोख असतो आणि परतताना झुंजुमुंजू. सायकलच्या दुकानात पसंत पडलेल्या, वाहनचालकांना दुरून दिसेल अशा चमकत्या पट्ट्यांच्या जाकिटाची किंमत अडीच हजार रुपये ऐकून मी तेथून निघालो आणि सियागंजात बांधकामावरच्या कामगारांसाठी सेफ्टीचे सामान विकणाऱ्या दुकानात शिरलो.

तेथे लक्षात आले की भडक रंग आणि चमकणारी पट्टी ही दोन वेगवेगळ्या वेळांची कामे आहेत. पोपटी-पिवळा फ्लुओरोसंट रंग उन्हातील अतिनील किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो, म्हणून तो ढगाळ दिवशी किंवा उजाडताना विलक्षण उठून दिसतो. पण हेडलाइटच्या प्रकाशात अतिनील किरण जवळजवळ नसल्याने रात्री त्याची ही करामत संपते. रात्रीचे काम पट्टीचे. तिच्यातील काचेचे बारीक मणी प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकचा उजेड ट्रकचालकाच्याच डोळ्यांकडे जातो.

स्वस्त मालात फसगत होते ती या पट्टीतच, कारण काही जाकिटांवर नुसते करडे, चंदेरी कापड शिवलेले असते. दुकानदार ‘रात को चमकेगा, साहब’ असे प्रत्येक जाकिटाबद्दल सांगत होता. मी मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरून, जाकीट दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगायला लावून, सात-आठ पावलांवरून पाहिले. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी दिसते आणि खोटी करडीच राहते. टॉर्च छातीशी धरला तर हा फरक नीट कळत नाही, कारण परतलेला प्रकाश टॉर्चकडे जातो, डोळ्यांकडे नाही. अशा ठळक दिसणाऱ्या कपड्यांसाठीच्या आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर सांगितली आहे. तेवढी तरी असावी. मी दीडशे रुपयांचे जाळीचे जाकीट घेतले, कारण मे महिन्यात जाड कापड अंगावर सहन होणार नाही, आणि मापही एक नंबर मोठे निवडले, म्हणजे थंडीत स्वेटरवरून व पावसात रेनकोटवरून ते चढवता येते.

पहिल्याच आठवड्यात माझी चूक उघडी पडली. पाठीवर सॅक अडकवली की मागच्या दोन्ही पट्ट्या तिच्याखाली झाकल्या जातात, आणि वाहने तर मागूनच येतात! शेवटी शिवायची पट्टी मीटरच्या भावाने आणून शिंप्याकडून सॅकवर आडवी लावून घेतली. उरलेल्या तुकड्यांना वेल्क्रो लावून घोट्यांसाठी पट्टे केले, आणि माझ्या मते सर्वांत कमी पैशांत सर्वांत अधिक उपयोग याच पट्ट्यांचा आहे. पेडलबरोबर वरखाली होणारी चमक पाहिली की पुढे एखादा खांब नसून माणूस आहे, हे चालकाला चटकन उमगते.

डेन्मार्कमध्ये ऑल्बोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ६,८०० सायकलस्वारांवर पिवळ्या जाकिटाचा प्रयोग केला होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जाकीट घालणाऱ्यांमध्ये इतरांशी टक्कर होऊन इजा होण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. अपघातांची नोंद सहभागी लोकांनी स्वतःच केलेली असल्यामुळे हा आकडा थोडा हात राखून घ्यावा, तरीही दीडशे रुपयांसाठी कंजुषी करू नये असे मला वाटते. जाकिटाने दिव्याची गरज मात्र भागत नाही, कारण हेडलाइट अंगावर पडेपर्यंत पट्टी अंधारातच असते. मागचा लाल दिवा लावावाच लागतो.

जाकीट मी हाताने धुतो, पट्टीवर ब्रश घासत नाही आणि रंग उडू नये म्हणून सावलीत वाळवतो. दोरीवरचे ते जाकीट पाहून शेजारच्या काकूंनी मला महानगरपालिकेच्या सफाई पथकात केव्हा रुजू झालास असे विचारले. स्वच्छतेसाठी नावाजलेल्या इंदुरात हा प्रश्न अपमान म्हणून घेता येत नाही, तेव्हा मी त्यांच्या नातवाच्या दप्तराला उरलेली वीतभर पट्टी लावून दिली.