ओलिंथसचं अंगण

जुन्या घरांचे आराखडे वाचायचं मला वेड आहे. ग्रीक-रोमन घरांचा विषय निघाला की बहुतेकांना आधी ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर पाँपेई आठवतं, पण माझा हात ओलिंथसच्या नकाशाकडे जातो. उत्तर ग्रीसमधलं हे शहर मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. ३४८मध्ये उद्ध्वस्त केलं. उत्खननात तिथे साध्या माणसांची घरं ओळीने सापडली.

एकेक घर साधारण १७ मीटर लांब-रुंद. पाच-पाच घरांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून, मध्ये चिंचोळा बोळ. दक्षिणेकडच्या ओळीतल्या घरांना दक्षिणेचा रस्ता, उत्तरेकडच्यांना उत्तरेचा. आता नीट पाहा: रस्ता कुठल्याही बाजूला असो, अंगण घराच्या दक्षिण भागातच! उत्तरेच्या रस्त्यावरून आत शिरलात, तर खोल्यांच्या कडेने बोळकंडीतून पार पलीकडे जायचं, तेव्हा कुठे अंगण लागतं. हा सगळा खटाटोप उन्हासाठी. अंगणाच्या उत्तरेला खांबांवर तोललेली ओसरी आणि तिच्यामागे मुख्य खोल्या. ओलिंथसच्या ४० अक्षांशावर ऐन हिवाळ्यात सूर्य माध्यान्हीलाही जेमतेम २६ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन ओसरीखालून थेट आत शिरतं. ऐन उन्हाळ्यात तो ७३ अंशांवर चढतो, तेव्हा तेच छप्पर सावली धरतं. सॉक्रेटिसचा शिष्य आणि लेखक झेनोफन याने सॉक्रेटिसच्या तोंडी नेमकं हेच घातलं आहे.

अंगणात गोटे बसवलेली जमीन, काही ठिकाणी वेदी, काही ठिकाणी पावसाच्या पाण्याची टाकी. मागाला टांगायची मातीची वजनंही काही घरांत ढिगाने मिळाली. विणायला उजेड लागतोच.

रोमन आट्रियममध्ये, म्हणजे घराच्या पुढच्या भागातल्या मधल्या दालनात, पाण्याचा विचार दिसतो. छप्पर चारही बाजूंनी आत उतरतं, मधल्या उघड्या चौकोनातून पाऊस खालच्या उथळ हौदात पडतो आणि तिथून जमिनीखालच्या टाकीत. टाकीच्या तोंडाशी दगडी कठडा. पाँपेईतल्या अशा कठड्यांवर दोर घासून खाचा पडल्यात. पाणी शेंदणाऱ्या हातांची नोंद म्हणून त्या मला तिथल्या भित्तिचित्रांहून मोलाच्या वाटतात.

पुढे सम्राट ऑगस्टसच्या काळात पाँपेईत जलसेतूचं पाणी आलं आणि श्रीमंतांच्या मागच्या बागांत, ग्रीकांकडून उचललेल्या खांबांच्या रांगांमध्ये, कारंजी उडू लागली. तिथल्या वेत्ती नावाच्या श्रीमंतांच्या घरात तर पुतळ्यांमधून धारा पडत. ही बाग पाहुण्यांसाठीही होती: आमंत्रण नसलेला माणूसही आट्रियम आणि खांबांच्या चौकापर्यंत येऊ शकतो, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो.

पाँपेईतलं फॉनचं घर सुमारे ३००० चौरस मीटरचं. दोन आट्रियम, खांबांचे दोन चौक. ओलिंथसची दहा घरं मिळून जवळपास तेवढीच जागा होते, आणि त्या जागेत दहा कुटुंबांना आपापलं अंगण आणि हिवाळ्याचं ऊन मिळत होतं. मला विचाराल तर मोठं काम ओलिंथसवाल्यांनी केलं.