गुलमर्गची स्नोमोबाईल आणि आमच्या गॅरेजातला बेल्ट

मागच्या फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन आलो, मी, बायको आणि साळा. नागपूरहून ट्रेनने दिल्ली, तिथून विमानाने श्रीनगर. माझं मानेवाडा रोडला दुचाकीचं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली, त्यामुळे बर्फ बघायला सगळेच जातात पण मला खरी ओढ होती ती बर्फावर चालणाऱ्या गाडीची.

तयारी सगळी नागपुरातच केली. थंडीत तिबेटी लोकं स्वेटरचे स्टॉल लावतात तिथून तिघांना गरम कपडे घेतले, आणि मी माझं रोजचं फुल फेस हेल्मेट न बाईकचे जाळीवाले ग्लोव्हज बॅगेत टाकले. नागपूरचा पारा 2018 च्या डिसेंबरात 3.5 पर्यंत उतरला होता, तेव्हा मी रात्री गाडी चालवलेली आहे, म्हणून वाटलं एवढ्यात भागून जाईल. नाही भागत हो. हवा उणे 5 असेल आणि तुम्ही 40 च्या स्पीडने चालले असाल तर अंगाला ती उणे 14 सारखी लागते. जाळीच्या ग्लोव्हजमधून वारा असा घुसला की दहा मिनिटांत बोटं माझी राहिलीच नाहीत.

गुलमर्गच्या खालच्या तंगमर्गला टायरला साखळ्या लावलेली गाडी घेतली, तिथेच गमबूट आणि लांब कोट भाड्याने घेतले, दुसऱ्या दिवशी गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वरच्या कोंगडोरी स्टेशनला, म्हणजे 3000 मीटरच्या वर. स्नोमोबाईल तिथे रांगेत उभ्या होत्या. पहिल्या फेरीला पन्नास पावलं पण गेलो नसू, माझ्या हेल्मेटची काच आतून पांढरी. श्वासाची वाफ थंड काचेवर बसते आणि गोठते. बर्फाच्या हेल्मेटला काच डबल असते, मधे हवेचा थर, आणि नाकापाशी श्वास खाली वळवायला एक कप असतो, काहींच्या काचेत तर गरम करायची तार असते. तुम्ही घेणार असाल तर हे आधी बघा, रंग न डिझाईन नंतर. भाड्याचं हेल्मेट घेतलं तरी पट्टा गळ्याखाली नीट बसतो का बघा, डोकं हलवल्यावर हेल्मेट वेगळं हललं तर दुसरं मागा, लाजू नका.

आमचे ड्रायव्हर पन्नाशीचे काश्मिरी काका. मी गॅरेजवाला आहे म्हणल्यावर त्यांनी स्वतःहूनच बोनेट उघडलं. आणि आत काय दिसलं सांगू, आपल्या ॲक्टिव्हाचंच गणित! पुढे एक पुली, मागे एक पुली, मधे रबरी बेल्ट. आरपीएम वाढला की पुढची पुली आवळते, बेल्ट वर चढतो, मागची उघडते, गिअर आपोआप बदलतो. फक्त सगळं दणकट. बोनेटखाली जास्तीचा बेल्ट अडकवून ठेवला होता. "बेल्ट के बिना ऊपर नहीं जाते," काका म्हणाले. डोंगरावर बेल्ट तुटला तर दोनशे किलोच्या वर वजनाची गाडी ढकलून कोण आणणार? नवीन बेल्टला कारखान्याचा चिकटा असतो, तो साबणपाण्याने धुऊन, वाळवून लावायचा आणि सुरुवातीला हळू चालवायचं. स्वस्त लोकल बेल्ट मी ॲक्टिव्हाला पण लावत नाही, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी, काका पण तसेच निघाले.

या गाडीला मागे चाकं नसतात, खाली दातवाला रुंद रबरी पट्टा फिरतो. मग त्यांनी खाली वाकून रेल्सची प्लास्टिक पट्टी दाखवली, ज्यावर हा पट्टा घसरत फिरतो. तिला वंगण म्हणजे बर्फच. मोकळा बर्फ उडून पट्टीवर पडला पाहिजे, नाहीतर ती वितळते, आणि पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर तेही तापतं कारण त्याचा रेडिएटर पट्ट्याच्या वरच असतो. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गला जवळपास महिनाभर बर्फच नव्हता, तेव्हा धंदा बंद राहिला, हे सांगताना काका एकदम गप्प झाले. पट्ट्याचे दात पण जागेप्रमाणे निवडतात, दाबलेल्या रस्त्यावर एक-दीड इंच पुरतात, खोल मऊ बर्फाला अडीच-तीन इंच लागतात. लांब दात घेतले म्हणजे गाडी भारी झाली असं नाही, कडक रस्त्यावर ते उलट इंजिनवर लोड टाकतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र पार्ट्सच्या यादीत शेवटी येते, एक पिळाची दोरी. तिचं एक टोक गाडीच्या स्विचवर, दुसरं चालवणाऱ्याच्या जॅकेटला. माणूस पडला की दोरी निघते, इंजिन बंद. ॲक्सिलेटर उजव्या अंगठ्याचा असतो, मूठ फिरवायची नसते, आणि जाड ग्लोव्हजमध्ये अंगठा अडकला तर गाडी सुटते. काकांनी मला सपाटीवर थोडी चालवू दिली तेव्हा आधी दोरी लावली, मग किल्ली. बायकोची ओढणी त्यांनी आधीच कोटाच्या आत खोचायला लावली होती, लोंबतं काहीही पट्ट्यात जाऊ शकतं.

कोंगडोरीहून वर अफरवत डोंगराचा उतार दिसतो. 2023 च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. त्या भागात जाणाऱ्यांकडे बीकन पाहिजे, म्हणजे दबलेल्या माणसाचा पत्ता लावणारा 457 किलोहर्ट्झचा छोटा रेडिओ, शोधायची लांब काठी आणि फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे, बीकन चालू करून अंगावर, काठी न फावडं स्वतःच्या पाठीवरच्या बॅगेत. कारण दबलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच आशा, खालून मदत येईपर्यंत वेळ गेलेला असतो. साळा म्हणत होता वर जाऊ, मी साफ नाही म्हणलं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

निघताना काकांनी एक झिजलेला बेल्ट दिला, मीच मागितला होता. आता तो गॅरेजात ॲक्टिव्हाच्या बेल्टशेजारी खिळ्याला आहे, जवळपास दुप्पट रुंद. कामाला असलेले पोट्टे दोन्ही हातात धरून बघतात आणि विचारतात, भाऊ, ही गाडी इकडे आली तर आपण उघडू काय? मी म्हणलं, हाव, आधी पुलीचं कव्हर पक्कं लावायला शिका.