नुसता ठेवलेला खांब: सेंट पीटर्सबर्गचा पॅलेस स्क्वेअर

मॉस्कोबद्दल मी लिहिणार नाही, ते सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते सेंट पीटर्सबर्गच्या पॅलेस स्क्वेअरबद्दल, ज्याला आमच्या टूरवाल्यांनी 'फोटो टाइम' म्हणून पंचवीस मिनिटं दिली होती. सुव्हेनिरच्या दुकानात मात्र तासभर. असो.

नेव्स्की या मुख्य हमरस्त्यावरून बल्शाया मोर्स्काया रस्त्यावर वळलं की तो जनरल स्टाफच्या, म्हणजे जुन्या लष्करी मुख्यालयाच्या, इमारतीतल्या कमानीखालून थेट चौकात निघतो. ती कमान एक नाही, एकामागे एक अशा जोडलेल्या आहेत. रस्ता मध्येच किंचित वळतो, आणि ते वाकडेपण झाकायला वास्तुविशारद कार्लो रॉसीनं ही युक्ती केली. एवढी रुंद कमान टिकायची नाही, अशी तेव्हा बोलवा होती. परांची उतरवताना रॉसी स्वतः वर जाऊन उभा राहिला, पडली तर मीही पडेन म्हणाला, असं सांगतात. कमान अजून आहे, वर सहा घोड्यांचा विजयरथही. नेपोलियनला हरवल्याचा हा सगळा थाट.

सावलीतून बाहेर आलो आणि समोर वास्तुविशारद रास्त्रेल्लीचा फिकट हिरवा-पांढरा विंटर पॅलेस, म्हणजे झारचा राजवाडा, खिडक्याच खिडक्या, मूर्तीच मूर्ती. १७५४ ते १७६२ बांधकाम चाललं. जिच्यासाठी बांधला ती एलिझाबेथ राणी तो पुरा व्हायच्या आतच गेली. मागे वळून पाहिलं तर रॉसीची पिवळी इमारत ५८० मीटर लांब, धनुष्यासारखी वाकलेली. आणि मधोमध खांब.

या खांबानं माझ्यासोबत आलेल्या मामींना झपाटलं. गाईड बाई सांगत होत्या: अलेक्झांडर स्तंभ, एकूण उंची साडेसत्तेचाळीस मीटर, त्यातला मुख्य दांडा लाल ग्रॅनाइटच्या एकाच अखंड दगडाचा, पंचवीस मीटरच्या वर, वजन सुमारे ६०० टन. आणि तो चौथऱ्याला कशानंही जोडलेला नाही.

"म्हणजे नुसता ठेवलाय?" मामी.

"हो मामी. स्वतःच्या वजनावर उभा आहे."

"अगं, जात्यालासुद्धा मध्ये खुंटा लागतो!"

हे मी गाईडला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, शहराचंही हेच म्हणणं होतं. १८३४ मध्ये स्तंभाचं अनावरण झालं तेव्हा लोक जवळून जायला घाबरायचे. मग म्हणे तो उभारणारा मोंफेराँ आपल्या कुत्र्याला घेऊन रोज त्याच्या पायथ्याशी फेऱ्या मारायचा. खरं-खोटं कोण जाणे, पण मला पटलं. या चौकात वास्तुविशारदाला स्वतःचा जीव तारण ठेवावा लागत असे, असं दिसतं. आपल्याकडे उड्डाणपुलांना ही प्रथा लागू करायला हरकत नाही.

दांडा उभा केला तो १८३२ च्या ऑगस्टमध्ये. दोरखंड, कप्प्या, सुमारे २००० सैनिक, ४०० मजूर, आणि दोन तासांच्या आत काम फत्ते. मामींनी चौथऱ्याभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली, दगड आणि चौथऱ्यामधली फट शोधत. चौथऱ्याजवळ उभं राहून फोटो काढून घ्यायला मात्र ठाम नकार. "लांबूनच काढ. वरचा देवदूत आला पाहिजे." त्या देवदूताचा चेहरा नेपोलियनला हरवणाऱ्या अलेक्झांडर झारसारखा आहे म्हणतात, खालून हनुवटीच दिसते. दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यात तोफगोळ्यांचे तुकडे या खांबाला लागले, तरी तो हलला नाही, हे ऐकल्यावरही मामींचं समाधान झालं नाही.

१९०५ च्या जानेवारीत फादर गॅपन या धर्मगुरूच्या मागे अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या, त्यातल्या काही इथंच. झार राजवाड्यात नव्हताच. १९१७ च्या क्रांतीत बोल्शेविकांनी राजवाडा घेतला तोही इथूनच. पुढे १९१८ ते १९४४ चौकाचं नाव उरित्स्की या बोल्शेविक नेत्यावरून उरित्स्की चौक होतं. एवढं सगळं गाईड बाईंनी बसकडे चालता चालता, पाठमोऱ्या सांगितलं. पंचवीस मिनिटं संपली होती ना!

मध्येच फोटोसाठी राणी-राजाचं सोंग घेतलेले, एक रेशमी झग्यातली कॅथरीन आणि तिचा पीटर, येऊन बिलगले. एक क्लिक झाला न झाला तोच हात पुढे. आपली कार्डं तिथं चालत नाहीत, त्यामुळे खिशातले मोजके रूबल गेले ते असे. रक्कम सांगत नाही, घरचेही हे वाचतात.

आणि शक्यतो जूनअखेरीस जाऊ नका. पुरता अंधार न पडणाऱ्या पांढऱ्या रात्री वगैरे ठीक आहे, पण तेव्हा शाळा संपवलेल्या मुलांसाठी किरमिजी शिडांचा मोठा उत्सव असतो आणि मैफलीचं स्टेज याच चौकात लागतं. आम्हाला डावी बाजू दिसली ती लोखंडी सांगाडे आणि स्पीकर यांच्या फटीतून. हा चौक रिकामा पाहायचा आहे; रॉसीचं ते वळण मोकळ्या फरसबंदीवरूनच कळतं. पहाटे जा, हॉटेलचा नाश्ता सोडून. तसाही त्यात काही नव्हतं.